इम्पीरियल १९९५ : आठ महिने पुरवलेली बाटली

बाटली उघडली ती अनंत चतुर्दशी उलटल्यावर. आज आठ महिने झाले, दोन पेग उरलेत.

सिंगल माल्ट व्हिस्की, म्हणजे एकाच डिस्टिलरीत मोड आणलेल्या बार्लीपासून (माल्टपासून) केलेली, १९ वर्षं पिंपात मुरलेली, ४६ टक्के अल्कोहोल. डिस्टिलरी इम्पीरियल, स्कॉटलंडमधल्या स्पे नदीकाठच्या कॅरन गावची. बाटलीत भरणारी कंपनी वेगळीच, पिंपं विकत घेऊन स्वतःच्या लेबलखाली विकणारी.

पहिल्या पेगला मी चक्क खट्टू झालो. नाशपाती, व्हॅनिला, लिंबाची साल, बस्स. ना धूर, ना शेरी वाइनच्या पिंपाचा गडद गोडवा. एवढे पैसे मोजून हे? मित्र तर म्हणाला, "छान आहे रे, पण यात काय एवढं?" दीडेक महिन्याने, बाटली निम्म्याच्या जवळ आल्यावर, ती मोकळी झाली. भाजक्या फुटाण्यांचा वास, मग ओलं गवत, आणि गिळल्यावर जिभेवर किंचित मेणचटपणा. चमचाभर पाणी सोसतं. त्याहून जास्त घातलं की नुसता गोडसर पाणचटपणा उरतो. बर्फ नकोच. खारे शेंगदाणेही नकोत, त्यांच्यापुढे ही बिचारी गप्प बसते.

गप्प बसण्याची तिला सवयच आहे म्हणा. टॉमस मॅकेंझीने ही डिस्टिलरी १८९७ मध्ये उभारली, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या वर्षी, नाव त्यावरूनच. (हो, तोच महोत्सव, ज्याच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. बाटलीवरचं नाव वाचताना मला दर वेळी तेच आठवतं.) लोखंडी सांगाडा, लाल विटा आणि छपरावर सोनेरी मुलामा दिलेला मुकुट. एवढा थाट, आणि १८९९ मध्ये टाळं! एडिंबरोजवळच्या लीथ बंदरातले व्हिस्कीचे व्यापारी पॅटिसन बंधू उधारीवर व्हिस्कीचा बाजार फुगवत होते. जाहिरातीसाठी त्यांनी दारूच्या गुत्त्यांना बोलके पोपट वाटले होते म्हणतात. १८९८ च्या अखेरीस ते बुडाले आणि अख्खा धंदा त्यांच्याबरोबर खाली आला.

मग १९१९ ते १९२५ चालू. पुढची तीस वर्षं बंद, फक्त बार्लीचं माल्ट करायला वापर. १९५५ ला पुन्हा भट्टी पेटली. गंजलेला मुकुट तेव्हाच उतरवला. १९८५ ला बंद, १९९१ ला सुरू, १९९८ ला कायमची बंद. शंभर वर्षांत निम्मी वर्षंसुद्धा धड चालली नाही. जे निघालं त्यातलं बरंच बॅलंटाइन्ससारख्या ब्लेंडमध्ये (अनेक डिस्टिलऱ्यांच्या मिश्र व्हिस्कीत) गेलं, म्हणजे तुम्हीआम्ही ती नकळत प्यायलोही असू. २०१३ मध्ये इमारत पाडली आणि त्याच जागी डॅलमुनाख नावाची नवी डिस्टिलरी आली. स्पेसाइड वे या तिथल्या पायवाटेवरून चालताना मी ती लांबूनच पाहिली. देखणी आहे, पण माझी बाटली तिथली वाटेना.

तक्रार एकच. चौथ्या महिन्यात बूच मधोमध तुटलं, अर्धं आत पडलं. चहाच्या गाळणीतून गाळून व्हिस्की छोट्या बाटल्यांत भरली. जुनं बूच असेल तर बाटली उभीच ठेवा आणि एखादं जास्तीचं बूच जवळ असू द्या.

पुन्हा घेईन का? या भावात नाही. त्यातले निम्मे पैसे डिस्टिलरी पाडली गेल्याचे आहेत, चवीचे नाहीत. चालू असती तर हीच व्हिस्की मी रविवारी दुपारी, फारसा विचार न करता, आनंदाने प्यायलो असतो. उरलेले दोन पेग मात्र त्या मित्रासाठी राखलेत. तो जुलैत परत येतोय.