१६ औंसची हातोडी, नऊ महिने वापरून झाल्यावर (आणि कार्टर आजोबा)

जानेवारीत घेतली, आता ऑक्टोबर चालू आहे, मधले तीसेक शनिवार ही हातात होती, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. साधी १६ औंसची, मागे खिळे उपटायची नखं असलेली, हिकरीच्या लाकडाचा दांडा.

घेतली का ते आधी सांगतो कारण त्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. २९ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेचे माजी प्रेसिडेंट जिमी कार्टर गेले, १०० वर्षांचे होऊन. मी ॲटलांटाजवळ राहतो, इथे टीव्हीवर कितीतरी दिवस तेच चालू होतं, कॅम्प डेव्हिडचा इजिप्त-इस्रायल समझोता, नोबेल, सगळं. माझ्या डोक्यात मात्र २०१९ चा एक फोटोच बसला. घरात पडले होते, भुवईवर १४ टाके, डोळा काळानिळा, आणि दुसऱ्या दिवशी माणूस नॅशविलला घर बांधायच्या साइटवर हजर. वय ९५! त्या आठवड्यात मी हॅबिटॅटच्या (गरजू कुटुंबांसाठी स्वयंसेवकांकडून घरं बांधणारी संस्था, कार्टर तिच्यासाठीच काम करायचे) शनिवारच्या कामाला नाव दिलं आणि दुकानात गेलो.

पहिली चूक, मी २२ औंसची उचलली. जड हातोडी म्हणजे कमी ठोके असं वाटलं होतं, पण तीन शनिवारात कोपर धरलं, रात्री दाराची कडी फिरवता येईना. मग ही घेतली. नवशिक्याला हीच घ्या म्हणून सांगेन. दांडा पार टोकाला धरायचा, मनगट मोकळं सोडायचं, आणि वजनाला आपलं काम करू द्यायचं. हे आमच्या साइटवरच्या एका रिटायर्ड काकांनी शिकवलं, ते कार्टरांबरोबर दोनदा काम करून आलेत. ते म्हणाले की कार्टर फोटोसाठी ठरलेल्या वेळीच उभे राहायचे, बाकी वेळ कोणी कॅमेरा घेऊन घुटमळलं की त्याला कामाला लावायचे.

इथली घरं म्हणजे लाकडी सांगाडा, दर १६ इंचावर एक उभा खांब. साडेतीन इंची खिळा पूर्ण आत जायला मला सुरुवातीला पंधरा-वीस ठोके लागायचे आणि निम्मे खिळे वाकायचे, आता सहा-सातात बसतो. फोड दोन महिन्यात बंद झाले. असं दिवसभर ठोकून संध्याकाळी गाडीत बसलं की मला दर वेळी वाटतं, हे काम कार्टरांनी १९८४ पासून पस्तीस वर्षं केलं, दरवर्षी, बायकोला बरोबर घेऊन. १९८४ मध्ये न्यूयॉर्कला जॉर्जियाहून बसने गेले, चर्चमध्ये बंक बेडवर झोपले आणि १९ कुटुंबांसाठी पडकी सहा मजली इमारत उभी करायला लागले. प्रेसिडेंट होऊन गेलेला माणूस! २००६ मध्ये तर लोणावळ्याजवळ येऊन १०० घरांच्या कामात ८२ व्या वर्षी हात लावला. आणि त्यांची आई लिलियन साठच्या दशकात, अडुसष्टीला आलेली बाई, पीस कोअरमधून (अमेरिकन सरकारची परदेशात स्वयंसेवक पाठवणारी योजना) नर्स म्हणून आमच्या विक्रोळीत राहून गेली होती. मी विक्रोळीत वाढलो आणि हे मला इथे येऊन कळलं, आईला फोनवर सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

मे महिन्यात प्लेन्सला, कार्टरांच्या गावी गेलो. छोटंसं गाव. १९६१ साली बांधलेल्या साध्या घरात दोघं शेवटपर्यंत राहिले, ७७ वर्षांचा संसार, रोझलिन आजी वर्षभर आधी गेल्या. मारानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये ते रविवारचा वर्ग घ्यायचे, अगदी ९५ व्या वर्षापर्यंत, चर्चचं गवतही कापायचे. तिथली दान गोळा करायची लाकडी ताटं त्यांनी स्वतः बनवलेली आहेत. मी चर्चवाला नाही, पण मागच्या बाकावर बसलो तेव्हा घसा दाटून आला. आमच्या साइटवर सकाळी काम सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं प्रार्थना होते, पूर्वी मी बाजूला चहा पीत उभा राहायचो, आता गोलात जाऊन उभा राहतो.

हातोडीबद्दल तक्रार एकच आहे. उन्हाळाभर गाडीच्या डिकीत ठेवली तर लाकूड वाळून आकसतं, जुलैमध्ये डोकं हलायला लागलं. असं झालं तर लगेच वापर थांबवा, कोणाच्या तरी डोक्यावर उडेल. मी वरून पाचर नीट ठोकून घेतली, जवसाचं तेल दोनदा पाजलं आणि तेव्हापासून घरातच ठेवतो, पुन्हा त्रास नाही. फायबरच्या दांड्याला ही भानगड नसते पण मला हाताला दणका जास्त जाणवला.

ज्या बाईंचं घर आम्ही बांधतोय त्या स्वतः दर शनिवारी येतात, कारण घर फुकट नाही, घामही गाळायचा आणि परवडेल असं कर्जही फेडायचं, नियमच आहे तो. मागच्या आठवड्यात त्यांच्या लेकीच्या खोलीची भिंत उभी केली तेव्हा शेवटचा खिळा त्यांनी माझ्याच हातोडीने ठोकला. पहिल्याच ठोक्याला सरळ गेला. पुढच्या शनिवारी छत आहे, वर चढून ही कशी चालते ते बघतो आणि इथेच लिहितो.