लेकीच्या टॅबवर फॅमिली लिंक: जूनपासूनचा अनुभव

आमची लेक पाचवीत, धाकटा मोठ्या शिशुत. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात लेकीच्या टॅबवर फॅमिली लिंक, म्हणजे मुलांच्या स्क्रीनवर लक्ष ठेवायचं गुगलचं ॲप, बसवलं. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आलीये, म्हणजे पावसाळा, गणपती, दिवाळी सगळं यात येऊन गेलं. दिवसाला किती मिनिटं द्यायची, हे सगळे पालक आधी बघतात. आमच्या घरात मात्र गुण आला तो रात्री टॅब बंद होण्याच्या वेळेने.

आधी कामाचं सांगते. ॲप फुकट आहे. मुलाचं खातं आपल्या खात्याला जोडायचं. आपल्याकडे अँड्रॉइड असो वा आयफोन, चालतं. मुलाच्या हातात मात्र अँड्रॉइड किंवा क्रोमबुक हवं. मुलगा आयफोन वापरत असेल तर त्यावर वेळेचं बंधन यातून घालता येत नाही, ॲपलची स्वतःची सोय वापरावी लागते. नवीन ॲप हवं असलं की विनंती आपल्या फोनवर येते. कुठलं ॲप किती वेळ चाललं ते कळतं, पण त्यात तिने नेमकं काय पाहिलं ते कळत नाही, त्यासाठी शेजारी बसण्याला पर्याय नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: दिवसाची मर्यादा प्रत्येक यंत्राला वेगळी लागते. टॅब आणि जुना फोन दोन्ही मुलाच्या खात्यावर असतील तर एका तासाचे दोन होतात. आम्ही तिचं खातं फक्त टॅबवर ठेवलंय.

मिनिटं ठरवताना इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या सूचना धरल्या. २ वर्षांच्या आत स्क्रीन नाही, २ ते ५ वयाला जास्तीत जास्त १ तास, तोही मोठ्यांच्या देखत, आणि ५ ते १० वयाला २ तासांच्या आत. शाळेच्या दिवशी १ तास ठेवला. सुरुवातीला रोज घासाघीस व्हायची, ‘आई, फक्त दहा मिनिटं’. जादा वेळ द्यायचं बटण आपल्याच हातात असतं, त्यामुळे प्रत्येक संध्याकाळ त्या बटणाभोवती फिरायला लागली. हा भाग मला आजही आवडत नाही. मिनिटं ही मुलांना मोलभावाची गोष्ट वाटते.

रात्रीचं तसं झालं नाही. संध्याकाळी साडेसातला टॅब बंद, तो सकाळपर्यंत. ही वेळ रोज तीच, त्यामुळे तिच्यावर वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. झोपण्याआधी डोळ्यांवर पडणारा उजेड झोप लांबवतो हे खरं, पण त्याहून वाईट म्हणजे व्हिडिओ संपला की पुढचा समोर हजर असतो, मन शांतच होत नाही. आता ती नऊ-साडेनऊला झोपते. सकाळी सातच्या व्हॅनसाठी तिला उठवताना जी चिडचिड, रडारड व्हायची ती जवळपास थांबली. डबा पूर्ण संपून येतो. माझ्यासाठी पाच तारे याच एका कारणाचे.

पण टॅब बंद झाल्यावर करायचं काय, याचं उत्तर कुठलंही ॲप देत नाही. जुलैत आमच्याकडे पुण्यात कर्वेनगरला पाऊस लागून राहिला की मुलं खाली उतरूच शकत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली होती. मला त्यात सगळ्यात पटलं ते हे की गावातल्या मोठ्या माणसांनीही फोन ठेवायचा होता. आम्ही तेच धरलं. नवऱ्याचा आणि माझा फोन साडेसातला स्वयंपाकघरातल्या फडताळावर जातो. कॅरम निघाला, पत्ते निघाले, अप्पा बळवंत चौकातून गोष्टींची पुस्तकं आणली. पाऊस सरल्यावर रविवारी सकाळी तळजाई टेकडीवर जाणं सुरू केलं. भरपूर बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा, म्हणजे मायनस नंबरचा, धोका कमी असतो. लेकीला नंबर आधीच लागलाय, तो खेळून जाणार नाही हे माहीत आहे, पण धाकट्यासाठी तरी हे हवंच.

धाकट्याकडे यंत्रच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी ॲपचा प्रश्न येत नाही. त्याचा स्क्रीन म्हणजे जेवताना आजीचा फोन. सासूबाई म्हणायच्या, ‘अगं, त्याशिवाय तो घास घेत नाही.’ त्यांची काळजी खरी होती. भांडण्यापेक्षा मी म्हटलं, ‘आई, तुमच्या लहानपणीचं वाड्यातलं सांगा ना त्याला.’ शनिवार पेठेतल्या वाड्याच्या, विहिरीच्या गोष्टी सुरू झाल्या. जेवण लांबतं, पण पोरगा ताटाकडे बघून जेवतो आणि भूक भागली की स्वतः सांगतो.

खरी अडचण आली ती गृहपाठाची. शाळा रात्री आठनंतर व्हॉट्सॲप गटावर फोटो आणि पीडीएफ टाकते. ते येतं माझ्या फोनवर, आणि मग मूल माझा फोन घेऊन बसतं. यावर पालकसभेत मी बोलले, बाकीचेही बोलले, फरक पडलेला नाही. तोपर्यंत मी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणते. तुमच्याही शाळेत असं होत असेल तर कृपया एकेकट्याने नाही, मिळून सांगा.

आमच्या टीव्हीवर या ॲपचा ताबा नाही, तो आपणच बंद करायचा. यूट्यूबसाठी तिच्या वयाची देखरेखीची सोय निवडली आणि आपोआप पुढचा व्हिडिओ लागणं बंद ठेवलं. बसवतानाच तिला शेजारी घेऊन प्रत्येक सेटिंग दाखवलं होतं. चोरून लावलेल्या बंधनाने मुलं लपवायला शिकतात असं मला मनापासून वाटतं.

मे महिन्याच्या सुट्टीत दिवसाची मर्यादा वाढवून हवी असं लेकीने आत्ताच सांगून ठेवलंय. ती वाढवणार आहोत, मागणी रास्त आहे. साडेसातची वेळ तीच राहील, हे तिलाही मान्य आहे.