जाहिरातीला जागा नसलेला कथासंग्रह : ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’

फॅन फिक्शनसाठी, म्हणजे आवडत्या पुस्तकांतल्या वा चित्रपटांतल्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथांसाठी, ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संकेतस्थळ वापरणारे बहुतेक वाचक तिथल्या टॅगांचे (कथेला जोडलेल्या विषयदर्शक खुणांचे) आणि शोधाच्या सोयीचे कौतुक करतात, आणि ते रास्तच आहे. माझ्या मते मात्र या सेवेचा खरा कणा तिच्या वापराच्या अटींमधला एक नियम आहे : येथे व्यापारी स्वरूपाचा कोणताही प्रचार चालत नाही.

हा नियम वरवर वाटतो त्यापेक्षा बराच कडक आहे. पॅट्रिऑन, को-फाय, पेपाल यांसारख्या, देणगी किंवा पैसे पाठवण्याच्या सेवांचे दुवे कथेत, कथेच्या आधीच्या वा नंतरच्या टिपांमध्ये, प्रतिक्रियांमध्ये किंवा स्वतःच्या प्रोफाइलवरही देता येत नाहीत. दुवा न देता, ‘कथा आवडली असेल तर मला एक कॉफी पाजा’ एवढे एक वाक्य लिहिले, तरी तेही पैशाची मागणीच धरले जाते. कथेचा पहिला तुकडा इथे ठेवून उरलेला भाग पैसे भरून अन्यत्र वाचायला सांगणेही नियमात बसत नाही. याउलट, आपल्या ब्लॉगचा किंवा समाजमाध्यमावरील खात्याचा साधा दुवा देण्यास हरकत नसते, आणि त्या खात्यावर देणगीचे बटण असले तरीही तो चालतो; अट एवढीच की, इथे लिहिताना वाचकाला त्या बटणाकडे वळवायचे नाही. ही सीमारेषा नव्या लेखकांना कृत्रिम वाटते. मला ती योग्य वाटते, कारण लेखकाचे इतरत्र काय चालते यावर पाळत ठेवण्याचा प्रयत्न हा नियम करत नाही, तो फक्त आपल्या अंगणापुरता बोलतो.

या कडकपणाची कारणे इतिहासात आणि कायद्यात आहेत. २००७ साली ‘फॅनलिब’ नावाच्या कंपनीने चाहत्यांच्या लेखनावर व्यवसाय उभा करू पाहिला आणि पुढच्याच वर्षी ती सेवा बंद पडली. त्याच २००७ मध्ये चाहत्यांनी ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही ना-नफा संस्था स्थापन केली आणि २००९ च्या नोव्हेंबरमध्ये तिचा हा संग्रह सर्वांसाठी खुला झाला. पुढे ॲमेझॉनने २०१३ मध्ये ‘किंडल वर्ल्ड्स’द्वारे परवानगी असलेल्या कथाविश्वांवरचे चाहत्यांचे लेखन विकायला घेतले, तेही २०१८ मध्ये गुंडाळले गेले. शिवाय, अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात ‘फेअर यूज’ (परवानगीविना केलेला, तरी कायद्याला मान्य असलेला वापर) ठरवताना वापर व्यापारी आहे की नाही, हे न्यायालय विचारात घेते. दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिलेल्या कथेखाली पैशाचा दुवा दिसला, तर त्या एका लेखकाबरोबर साऱ्या संग्रहाची बाजू लंगडी पडू शकते.

वाचक म्हणून याचा लाभ पानोपानी जाणवतो. कथा संपते, खाली लेखकाची टीप येते, आणि मग ‘कुडोज’चे, म्हणजे एका टिचकीत दाद देण्याचे, बटण व प्रतिक्रियेची चौकट, मध्ये काहीही विकायला ठेवलेले नसते. संस्था वर्षातून दोनदा देणगीचे आवाहन करते, तेवढे दिवस वर एक पट्टी दिसते. काहींना त्यात दुटप्पीपणा दिसतो. मला तो आक्षेप पटत नाही, कारण तो पैसा सर्व्हरसाठी आणि संस्थेच्या कामासाठी असतो, कोणत्याही एका कथेची किंमत म्हणून नव्हे.

नियमाची खरी परीक्षा प्रतिक्रियांमध्ये होते. कोणत्याही कथेला चिकटवता येईल अशी गुळमुळीत स्तुती करायची, ‘तुमच्या कथेवर चित्रकथा काढायची इच्छा आहे’ म्हणायचे, आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर बोलावून पैसे मागायचे, हा प्रकार अलीकडे फार बोकाळला आहे. पहिली दाद मिळाल्याच्या आनंदात असलेला नवा लेखक यात सहज फसतो. खात्याविना आलेली अशी प्रतिक्रिया ‘स्पॅम’ (नको असलेला प्रचारी मजकूर) म्हणून नोंदवण्याची सोय लेखकाच्या हाताशी आहे, खात्यातून आलेलीची तक्रार करावी लागते; पण हे एक-एक करत बसणे त्रासाचे आहे.

माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. अटी आणि त्यांवरील प्रश्नोत्तरे सविस्तर व सुबोध असली, तरी लेखकाला नियमाची आठवण खरोखर हवी असते ती टीप लिहिताना, आणि नेमकी तिथेच ती दिसत नाही. दुसऱ्या ठिकाणची टीप जशीच्या तशी चिकटवणाऱ्या लेखकाला तक्रार झाल्यावर दुरुस्तीचे पत्र येते, तेव्हा तो खजील होतो किंवा चिडतो. टिपेच्या चौकटीखाली ‘देणगी, विक्री किंवा मानधनाचा उल्लेख करू नये’ एवढी एक ओळ छापली, तर तपासणी करणाऱ्या स्वयंसेवकांचेही पुष्कळ श्रम वाचतील.