ब्रेकअपनंतर भिलारला तीन दिवस राहिलो, त्याचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू लिहायला मला वर्ष लागलं. मागच्या फेब्रुवारीत भिलारला जाऊन आलो, पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं ते पुस्तकांचं गाव, पण गेलो ते फिरायला म्हणून नव्हतो. पाच वर्षांचं आमचं नातं डिसेंबरात संपलं, तिच्या घरच्यांनी स्थळ आणलं, तिनेही हो म्हटलं, आणि मी हडपसरच्या रूमवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जुने चॅट वर सरकवत बसायचो. मित्राने दोन पुस्तकं मागवून दिली होती, दुःखातून बाहेर कसं पडायचं टाइप, त्यात दर पानावर काहीतरी करायला सांगतात, सकाळी आरशात बघून अमुक म्हणा, दहा चांगल्या गोष्टी लिहून काढा, आणि मला तेव्हा आंघोळीचा पण कंटाळा यायचा. माझी ताई वाईला दिलीय, तिने फोनवर सांगितलं की भिलारला जाऊन बस दोन दिवस, काही करू नको, नुसता बस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्रिटनमध्ये वेल्सला हे-ऑन-वाय नावाचं जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव आहे, त्यावरून ही कल्पना घेतली आणि राज्य सरकारने ४ मे २०१७ ला भिलारमध्ये पुस्तकांचं गाव सुरू केलं. फरक एवढाच की तिकडे दुकानं आहेत, इथे लोकांची राहती घरं. सुरुवातीला २५ ठिकाणं होती, पंधराएक हजार पुस्तकं, आता जागा वाढल्यात. एका घरात कादंबऱ्या, एकात कविता, एकात इतिहास, कुठे संतसाहित्य, कुठे दिवाळी अंक, भिंतींवर चित्रं काढलेली, बाहेर पाटी, त्यामुळे विचारत फिरावं लागत नाही. वाचायला पैसे नाहीत. कपाट उघडायचं, पुस्तक घ्यायचं आणि बसायचं. फक्त घरी न्यायचं नाही.

स्वारगेटहून महाबळेश्वरची एसटी धरली, पसरणी घाट चढून पाचगणीला उतरलो. पहिली रात्र पाचगणीत एका लॉजवर काढायची चूक केली होती, तिथे खोलीत एकच पिवळा बल्ब, वाचता येईना आणि खालच्या डीजेमुळे झोप पण येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच सॅक उचलून गावात गेलो आणि तिथेच एका घरात राहायची सोय झाली. तेव्हा तुम्ही जाणार असाल तर गावातच राहा.

कवितांच्या घरात मी आधी गेलो आणि दहा मिनिटांत बाहेर आलो. खरं सांगतो, त्या अवस्थेत कविता झेपत नाही, प्रत्येक ओळ आपल्यावरच लिहिलीय असं वाटतं आणि जखम अजून ओली होते. मग फिरत फिरत दुसऱ्या एका घरात शिरलो, तिथे आत्मचरित्रं होती, आणि लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे हातात आली. नाव शाळेपासून ऐकलेलं, धड्यापुरतं वाचलेलं. ओसरीवर खुर्ची टाकून बसलो. पहिला तास काही डोक्यात शिरत नव्हतं, एकच परिच्छेद तीन-तीनदा वाचत होतो, मध्येच तिचं लग्नाचं हॉल बुकिंग झालं असेल का हा विचार, परत पहिली ओळ.

पण त्या बाईंची भाषा अशी आहे ना, की पुस्तक वाचतोय असं वाटतच नाही, स्वयंपाकघरात पाटावर बसून कोणीतरी म्हातारं माणूस सांगतंय आणि आपण ऐकतोय असं होतं. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, कसे न सांगता घरातून निघून जायचे, घरात कोण काय म्हणालं, सगळं अगदी जसंच्या तसं. आणि मग १८९५ साल येतं. टिळक ख्रिस्ती होतात आणि लक्ष्मीबाई मागे राहतात, पदरात लहान मुलगा, सगळं सोवळं पाळणारं गोत, नवरा जिवंत आहे पण आता परका. काही वर्षं असं चाललं, नंतर त्या नवऱ्याकडे गेल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. माझं आणि त्यांचं दुःख एकसारखं आहे असं मी म्हणत नाही, कुठे त्या आणि कुठे मी. पण जिवंत माणूस एका दिवसात परकं झालं की काय होतं ते मला कोणी सांगू शकत नव्हतं, मित्र म्हणायचे विसर, दुसरी मिळेल, आणि या बाईने ते शंभर वर्षांपूर्वीचं जगून अगदी साध्या शब्दांत लिहून ठेवलेलं. शिवाय त्यात हसूपण येतं. त्या रडलेलं सांगतात आणि थोड्याच वेळात असं काही सांगतात की खुदकन हसायला येतं. डिसेंबरपासून मी पहिल्यांदा तिथे मोठ्याने हसलो, समोर अंगणात त्या घरातल्या आजी स्ट्रॉबेरी निवडत होत्या, त्यांनी वर बघितलं आणि त्यापण हसल्या.

त्या आजींबद्दल लिहायलाच हवं, नाव मुद्दाम देत नाही. भिलार मुळात स्ट्रॉबेरीचं गाव, फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगाम, सकाळी तोडून आणलेला माल अंगणात पसरलेला, सगळीकडे तो गोडसर आंबूस वास. मोठी फळं एका डब्यात, बारकी दुसऱ्यात, देठ तोडायचा नाही आणि बोटाने दाबायचं नाही. दुसऱ्या दिवशी मीपण तासभर निवडायला बसलो. तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "लगीन झालंय का रं?" मी नाही म्हटलं आणि माझा आवाज जरा फाटला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, उठून चहा टाकला. दुपारी जेवायला आवाज दिला, "जेव की आधी, नुसतं वाचून प्वाट भरतंय व्हय," आणि भाकरी, मटकीची उसळ, ठेचा असं ताट समोर. दोन महिन्यांत मी पहिल्यांदा दोन भाकरी खाल्ल्या.

त्याच संध्याकाळी आतून पुस्तक बदलून आणायला गेलो होतो तर त्या ओरडल्या, "आरं तुझा फोन हितं डब्यांखाली घावला, कवाधरनं वाजतोय." सकाळपासून फोन कुठंय हे मला माहीतच नव्हतं. जो फोन मी झोपेत पण उशाखाली चाचपायचो.

आता थोडं व्यवहाराचं. शनिवार-रविवार टाळा, तेव्हा पाचगणीची गर्दी इकडे येते, कपाटासमोर फोटो काढून लोक पुढे जातात आणि वाचणाऱ्याला बसायला जागा राहत नाही, मी मंगळवार ते गुरुवार होतो, शांत होतं. फेब्रुवारीतपण संध्याकाळी चांगलीच थंडी पडते, स्वेटर न्या. आणि हे राहत्या माणसांचं घर आहे हे लक्षात ठेवा, चपला बाहेर काढा, पुस्तक होतं तिथे ठेवा. मन मोडलेलं असेल तर सरळ आत्मचरित्रांकडे जा, कविता नंतर. आणि अगदीच अन्नपाणी, झोप सगळं सुटलं असेल, जगावंसंच वाटत नसेल, तर आधी डॉक्टरकडे जा, पुस्तकं काय कुठे पळून जात नाहीत.

स्मृतिचित्रे चार भागांत आहे, माझे तीन दिवसांत दोनच झाले. निघताना मी तिसऱ्या भागात सुरुवातीलाच एसटीचं तिकीट घालून ठेवलं आणि आजींना सांगितलं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तक सहज मिळालं असतं, ताई म्हणालीसुद्धा घेऊन टाक, पण मी घेतलं नाही. माझ्या त्या मैत्रिणीचं लग्न मेमध्ये झालं, फोटो बघितले, त्या रात्री त्रास झाला, पण दुसऱ्या दिवशी उठून ऑफिसला गेलो. येत्या मंगळवारचं स्वारगेटवरून रिझर्वेशन केलंय, आजींशी फोनवर बोलणं झालं, तिकीट अजून त्याच पानात आहे म्हणाल्या.