जनऔषधी केंद्र, दांडिया बाजार परिसर, बडोदे : महिन्याच्या गोळ्यांचा हिशेब

घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या, सरकारी योजनेतील स्वस्त औषधांच्या या केंद्रातून मी ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर औषधे घेऊ लागले. त्यांपैकी थोडी माझी असतात, बाकीची आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची. त्यांना मधुमेह आहे, त्यांच्या यजमानांना रक्तदाब आहे आणि त्यांचे घर विश्वामित्री नदीच्या काठच्या वस्तीत आहे. पुराच्या पाण्यात गोळ्यांबरोबर केसपेपरची फाईलही गेली, तेव्हा त्यांना प्रथम येथे आणले.

मावशींकडे आयुष्मान कार्ड आहे. गुजरातमध्ये जुलै २०२३ पासून त्यावर कुटुंबाला वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास. रोज दोन वेळा घ्यायची मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी त्यात बसत नाही. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते हे खरे, परंतु रांगेत सकाळ गेली की चार घरचा खाडा होतो आणि पैसे कापले जातात. म्हणून महिनाअखेरीस मावशी गोळी एक दिवसाआड घेत. यजमानांची तर डोके दुखेपर्यंत बंदच असे. रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे तंगीत पहिली कात्री त्याच गोळीला लागते, आणि पुढे पक्षाघाताने माणूस अंथरुणाला खिळला की घरची कमाईच थांबते.

या केंद्रात आल्यावर दोघांच्या गोळ्यांचा खर्च पूर्वीच्या साधारण एक तृतीयांशावर आला. काउंटरवरील फार्मासिस्ट चिठ्ठीवरील कंपनीच्या नावामागचे मूळ औषध समजावून सांगतात, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडून तेच नाव लिहून घ्यायला सुचवतात. ‘स्वस्त गोळी काय लागू पडणार’ ही यजमानांची शंका मला रास्त वाटली होती. या योजनेतील औषधांची प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते, हे मी त्यांना सांगितले. मात्र त्यांची खात्री पटली ती मावशींची साखर पुढच्या दोन्ही तपासण्यांत आटोक्यात निघाल्यावर. मावशींच्या मुलीसाठी ‘सुविधा’ सॅनिटरी पॅडही येथूनच जातात, एका रुपयाला एक.

आता उणिवा. यजमानांची गोळी दोनदा संपलेली होती आणि कधी येईल ते कोणी सांगू शकले नाही. केंद्र रात्री लवकर बंद होते, तर मावशींची शेवटच्या घरची पोळी त्यानंतर होते. सर्वांत मोठी अडचण रोख पैशांची आहे. वस्तीच्या नाक्यावरचा मेडिकलवाला महागडे औषध देतो, पण चार गोळ्या सुट्या देतो आणि वहीत उधारी मांडतो. येथे पूर्ण महिन्याचे पैसे एकदम मोजावे लागतात. हातावर पोट असलेल्याला स्वस्त औषध परवडत नाही आणि महाग परवडते, हे मी डोळ्यांनी पाहिले तेव्हाच समजले. केंद्रचालक कमी नफ्यावर काम करतात, त्यांच्याकडे उधारी मागणे योग्य नाही. त्यामुळे आम्ही मावशींचा पगार ७ तारखेऐवजी १ तारखेला देऊ लागलो आणि त्याच दिवशी पूर्ण महिन्याच्या गोळ्या घेतल्या जातात.

केंद्राने नेहमीच्या रुग्णांची नावे व औषधे एका वहीत टिपून ठेवावीत आणि साठा संपण्याआधी मागणी नोंदवावी, एवढी विनंती मी तेथे केली आहे.