किल्ल्यावरून लष्कर एका चित्रात : ‘हगिन’ या पॅनोरमा प्रोग्रामचे परीक्षण

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिण कडेवरून संध्याकाळी खालच्या लष्कर या शहरभागाकडे कॅमेरा रोखला की दोन अडचणी एकदम उभ्या राहतात. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेले हे शहर आता इतके पसरले आहे की ते एका फ्रेममध्ये मावत नाही. ते पूर्ण घ्यायचे तर पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सुमारे १८० अंशांचा पट्टा टिपावा लागतो. शिवाय त्या पट्ट्याच्या एका टोकाला मावळतीचे पेटलेले आकाश असते आणि दुसऱ्या टोकाला कड्याच्या सावलीत बुडालेली घरे, आणि या दोन्हींना न्याय देईल असे एकच एक्स्पोजर (सेन्सरवर पडू दिलेल्या उजेडाचे प्रमाण) कोणत्याही कॅमेऱ्यात नसते. म्हणून अनेक फोटो जोडून पॅनोरमा करायचा आणि त्यातला प्रत्येक फोटो वेगवेगळ्या एक्स्पोजरमध्ये घेऊन उजेडाचा आवाका वाढवायचा, असे दुहेरी काम करावे लागते. ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी, आणि तीही विनामूल्य, करून देणारा ‘हगिन’ हा प्रोग्राम मी बऱ्याच काळापासून वापरत आहे. माझे मत आधीच सांगतो : शहराचे गंभीरपणे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने तो शिकावा, पण त्यातला ‘एचडीआर’ (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे उजेडाचा मोठा आवाका) नावाचा पर्याय मात्र सरसकट वापरू नये.

हगिनचा पाया ‘पॅनोरमा टूल्स’ हा आहे. जर्मनीतील प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी १९९८ च्या सुमारास लिहिलेल्या त्या साधनांना हगिनने खिडक्या, बटणे आणि पूर्वदृश्य दिले. तो मुक्त परवान्याचा असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो.

प्रोग्राम कितीही चांगला असला तरी त्याला नीट फोटो द्यावे लागतात. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स उभी धरली तर एका फ्रेममध्ये आडवा कोन सुमारे ३६ अंशांचा येतो. शेजारच्या फ्रेमशी तीस टक्के सामाईक भाग ठेवला तर दर वेळी कॅमेरा २५ अंश फिरवायचा असतो आणि सात स्थानांत १८० अंश पुरे होतात. प्रत्येक स्थानी −२, ० आणि +२ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) असे तीन एक्स्पोजर घेतले की एकवीस फोटो होतात आणि उजेडाचा आवाका चार स्टॉपने, म्हणजे सोळापट, वाढतो. एक्स्पोजर शटरने बदलावे, अ‍ॅपर्चरने (लेन्सच्या छिद्राच्या आकाराने) नव्हे, कारण अ‍ॅपर्चर बदलले की फोकसची खोलीही बदलते. फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) हाताने निश्चित करून ठेवावेत. कॅमेरा ज्या बिंदूभोवती फिरतो तो लेन्सच्या प्रवेशछिद्राशी (लेन्समध्ये समोरून पाहता छिद्र जेथे दिसते त्या जागेशी) जुळला पाहिजे, हा नियम सगळीकडे सांगितला जातो आणि तो खराच आहे. पण किल्ल्यावरून दूरचे शहर घेताना जवळचे काहीच चौकटीत नसेल तर पॅरॅलॅक्स (जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंच्या तुलनेत सरकलेल्या दिसणे) जाणवण्याइतका राहत नाही. तटाचा कठडा किंवा कंगोरे चौकटीत आले की मात्र हा नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. (पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील स्मारकांत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, तिची चौकशी आधीच केलेली बरी. हातात धरून घेतलेली ब्रॅकेटिंगही (एकाच दृश्याचे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो) हगिन बऱ्यापैकी जुळवून देतो.)

रॉ फाइली (कॅमेऱ्यातले प्रक्रिया न झालेले फोटो) मी आधी रॉथेरपी या प्रोग्राममध्ये सगळ्यांना एकच सेटिंग लावून १६ बिटच्या टिफमध्ये काढतो आणि मग हगिनला देतो. येथून पुढे त्याचे खरे कसब दिसते. दोन फोटोंतील सामाईक खुणा, म्हणजे कंट्रोल पॉइंट, तो आपणहून शोधतो; त्यांवरून प्रत्येक फोटोची दिशा, कल आणि लेन्सचा वक्रदोष गणिताने ठरवतो आणि सरासरी चूक किती पिक्सेलची उरली तेही सांगतो. ही चूक एक-दोन पिक्सेलच्या आत येईपर्यंत मी पुढे जात नाही. खुणा ढगांवर पडल्या असतील तर त्या काढून टाकाव्या लागतात, कारण तीन एक्स्पोजर घेईपर्यंत ढग सरकलेले असतात; त्यासाठी ‘सेलेस्ट’ नावाची सोय आहे आणि ती चांगले काम करते. एकाच स्थानावरच्या तीन फोटोंना एका संचात बांधून ठेवता येते, त्यामुळे सर्वांत काळोख्या फोटोत खुणा कमी सापडल्या तरी तो आपल्या जागी राहतो. इमारतीच्या उभ्या कडांवर ‘उभी रेषा’ म्हणून खुणा दिल्या की सारे क्षितिज सरळ होते. लेन्समुळे फोटोच्या कोपऱ्यांत येणारा अंधार दुरुस्त करण्याची सोयही येथेच आहे. ती वापरली नाही तर मोकळ्या आकाशात प्रत्येक जोडावर गडद पट्टा उमटतो, आणि लष्करच्या चित्रात निम्मी उंची आकाशाचीच असते.

आता उजेडाकडे येतो, कारण बहुतेकांचे चित्र येथे बिघडते. हगिनमध्ये दोन वेगळे मार्ग आहेत. पहिल्यात तिन्ही एक्स्पोजरमधून खऱ्या उजेडाची मूल्ये काढून ३२ बिटची ओपनईएक्सआर फाइल बनते. ती कोणत्याही पडद्यावर किंवा कागदावर जशीच्या तशी दिसू शकत नाही, म्हणून तिच्यावर पुढे टोन मॅपिंग (उजेडाचा मोठा आवाका पडद्याला किंवा कागदाला झेपेल इतका दाबणे) करावे लागते. दुसरा मार्ग ‘एन्फ्यूज’चा. टॉम मेर्टेन्स, यान काउट्झ आणि फ्रँक व्हॅन रीथ यांनी २००७ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर तो चालतो : प्रत्येक पिक्सेलसाठी तिन्ही फोटोंपैकी ज्यात एक्स्पोजर योग्य आहे, रंग भरलेला आहे, त्याला अधिक वजन देऊन थेट छापण्याजोगे चित्र तयार करायचे. मधली एचडीआर फाइल यात नसतेच.

शहराच्या चित्रासाठी मी दुसऱ्या मार्गाची शिफारस करतो. टोन मॅपिंगमध्ये स्थानिक उठाव वाढवला की जयविलास महालाच्या पांढऱ्या भिंतीभोवती आकाशात राखाडी प्रभावळ दिसू लागते, घरांच्या सावल्या उजेडाइतक्याच उजळतात आणि संध्याकाळ कोणत्या बाजूने आली हेच चित्रातून कळेनासे होते. सावलीत तपशील दिसावा, पण सावली सावलीच राहावी, अशी माझी अपेक्षा असते, आणि एन्फ्यूज ती पुष्कळ प्रमाणात पुरी करतो. त्याची मूळ सेटिंग (एक्स्पोजरला वजन १, रंगभरणीला ०.२, कॉन्ट्रास्टला शून्य) सहसा बदलावी लागत नाही. अपवाद किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाचा. त्याची पूर्वेकडची भिंत दुपारनंतर सावलीत जाते आणि मागचे आकाश लख्ख राहते, आणि तेथल्या निळ्या-हिरव्या-पिवळ्या फरशा हेच तर त्या चित्राचे कारण असते. रंगभरणीचे वजन थोडे वाढवले की त्या फरशा राखाडी न पडता रंगासह उमटतात आणि वालुकाश्माचा तांबूसपणाही टिकतो.

ट्रायपॉडवरून नीट संच घेतले असतील तर ‘संचातून मिलाफ’ हा पर्याय निवडावा, म्हणजे आधी प्रत्येक स्थानाचे तीन फोटो मिसळतात आणि मग ते जोडले जातात. हातात धरून घेतलेल्या फोटोंना दुसरा पर्याय बरा, ज्यात आधी सारख्या एक्स्पोजरचे थर जोडले जातात आणि नंतर मिसळतात. जोड दिसू नयेत म्हणून वापरलेली ‘एन्ब्लेंड’ची पद्धत पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेलसन यांच्या १९८३ च्या कामावर आधारलेली आहे. ती मोठे उजेड-अंधार रुंद पट्ट्यात मिसळते आणि बारीक तपशील अरुंद पट्ट्यात, म्हणून धुरकट क्षितिजावरचा जोड शोधूनही सापडत नाही.

लष्करमधल्या महाराज बाडा या चौकात परीक्षा वेगळी आहे. तेथे चारी बाजूंना निरनिराळ्या शैलींच्या इमारती आहेत, त्या जवळ आहेत, आणि चौकात रिक्षा, फेरीवाले, माणसे अखंड फिरत असतात. प्रक्षेपण म्हणजे फिरून टिपलेले दृश्य सपाट चित्रावर मांडण्याची पद्धत. जवळच्या इमारतींसाठी सरळ प्रक्षेपण १२० अंशांपलीकडे चालत नाही, कारण कडेच्या इमारती ताणल्या जातात. दंडगोल प्रक्षेपणात उभ्या रेषा सरळ राहतात, पण छज्जे धनुष्यासारखे वाकतात. हगिनमधले ‘पानिनी’ हे तिसरे प्रक्षेपण मला बाड्यासाठी सर्वांत योग्य वाटते. अठराव्या शतकात रोमची दृश्ये रंगवणाऱ्या चित्रकाराचे नाव त्याला दिले आहे, आणि उभ्या रेषा तसेच मध्याकडे धावणाऱ्या रेषा सरळ ठेवून ते रुंद चौक स्वाभाविक दाखवते. एकसारख्या कमानींच्या रांगेत मात्र खुणा चुकीच्या कमानींना जोडल्या जाऊ शकतात. तेथे प्रत्येक जोडी डोळ्यांनी तपासण्याला पर्याय नाही.

चालत्या माणसांचा प्रश्न मास्कने सुटतो. कोणत्या फोटोतला कोणता भाग घ्यायचा आणि कोणता वगळायचा हे चौकट आखून सांगता येते, आणि एकाच संचातल्या सगळ्या फोटोंतून तो भाग वगळण्याचीही सोय आहे. हे न करता एन्फ्यूज चालवले तर एकच रिक्षा तीन ठिकाणी अर्धवट पारदर्शक दिसते. मला येथे थोडी सक्तीची शिस्त आवडते : माणसे पुसून टाकून रिकामा बाडा दाखवू नये, मधल्या एक्स्पोजरमधली माणसे तशीच ठेवावीत. बाडा कधी रिकामा नसतो.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. हगिनची मांडणी नव्या माणसाला दडपण आणणारी आहे. साधी, प्रगत आणि तज्ज्ञ अशा तीन पातळ्या दिल्या असल्या तरी एचडीआर पॅनोरमासाठी लवकरच प्रगत पातळीवर जावे लागते आणि तेथे अनेक चौकटी एकमेकींवर अवलंबून असतात. वेगात आणि सुटसुटीतपणात ‘पीटीगुई’ हा सशुल्क प्रोग्राम पुढे आहे. ज्याला रोज ग्राहकांसाठी पॅनोरमा द्यायचे आहेत त्याने तो घ्यावा, मात्र एचडीआरची सोय त्याच्या महागड्या प्रो आवृत्तीतच आहे हे लक्षात ठेवावे. हगिनला मेमरीही भरपूर लागते. वर सांगितलेल्या सात स्थानांतून २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने सुमारे १९,००० पिक्सेल रुंद आणि कापून ५,५०० पिक्सेल उंच चित्र मिळते; ते ३२ बिटमध्ये न दाबता ठेवले तर एकटेच सव्वा जीबीच्या आसपास जाते.

शेवटचे हात मी गिम्प या चित्र-संपादन प्रोग्राममध्ये फिरवतो : क्षितिजावरच्या धुरकटपणाला थोडा उठाव, आकाशाला अगदी हलका नॉइज, म्हणजे छपाईत पट्टे दिसत नाहीत, आणि महालाच्या भिंतीचा पांढरा रंग शुद्ध पांढऱ्याच्या थोडा खाली. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) हे चित्र पाच फुटांहून थोडे अधिक लांब आणि सुमारे दीड फूट उंच छापता येते, त्यामुळे २४ इंची रोलवर ते आरामात बसते. छापायला देताना फ्लेक्स नव्हे, मॅट फोटो कागद मागावा, आणि पूर्ण चित्राआधी सावलीतल्या वस्तीचा हातभर तुकडा छापून पाहावा, कारण पडद्यावर दिसणारे गल्लीबोळ कागदावर पहिल्यांदा नेहमीच अधिक काळे येतात.