आधी फायली की आधी प्रत? न उघडणाऱ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कसमोरचे दोन मार्ग

केबल बदलून झाली, दुसरा यूएसबी पोर्ट झाला, दुसऱ्या संगणकावर लावूनही पाहिले, तरी डिस्क उघडत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिची क्षमता बरोबर दिसते, पण फाइल सिस्टीमच्या, म्हणजे फायलींची नावे आणि जागा सांभाळणाऱ्या रचनेच्या, जागी ‘रॉ’ (रचना ओळखता येत नाही) असे लिहिलेले असते आणि विंडोज दर वेळी डिस्क फॉरमॅट करायला सांगते. या टप्प्यावर घरच्या घरी करण्यासारखे दोनच मार्ग उरतात, असे मला वाटते. विंडोजवर चालणारे रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट त्या डिस्कवर चालवून हव्या त्या फायली बाहेर काढणे हा पहिला. आणि आधी सबंध डिस्कची सेक्टरनिहाय (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) प्रत दुसरीकडे घेऊन पुढचे सगळे काम त्या प्रतीवर करणे हा दुसरा. मी हे दोन्ही मार्ग एकाच डिस्कवर, एकापाठोपाठ एक वापरले आहेत.

चेकडिस्क या विंडोजच्या दुरुस्ती-साधनाचा विचार मी या तुलनेत केलेला नाही. ‘रॉ’ दिसणाऱ्या डिस्कवर ते चालतच नाही, आणि जिथे चालते तिथे दुरुस्ती करताना त्याच डिस्कवर लिहिते. त्याचे काम फाइल सिस्टीम सुसंगत करण्याचे आहे. त्या नादात एखाद्या फाइलचे तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये भलत्याच नावाने जाऊन पडले, तरी त्याच्या दृष्टीने काम फत्ते झालेले असते.

आमची डिस्क १ टीबीची, २.५ इंची होती. तिच्यावर घरातल्या मोडी कागदांचे स्कॅन होते. वडिलांनी निवृत्तीनंतर चार वर्षे बसून ते केले होते: प्रत्येक रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा, एक फोल्डर, आणि फाइलच्या नावात कागदाचा क्रमांक, गाव आणि लागले असेल तर साल. मूळ कागदांपैकी दोन रुमाल पुढे वाळवीने खाल्ले. त्यामुळे नुसती चित्रे परत मिळून भागणार नव्हते. त्यांची नावे आणि क्रमही परत हवा होता. निर्णय घेताना ही गोष्ट सतत डोळ्यांसमोर होती.

पहिल्या मार्गाला त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे, डिस्क निवडावी, स्कॅन सुरू करावा, इतके ते सरळ असते. वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम लागत नाही, आणि हव्या त्या फायलींपुरतीच जागा दुसरीकडे असली तरी चालते. फोल्डरांची रचना डोळ्यांसमोर उमटते आणि चित्र वाचवण्याआधी पाहताही येते. डिस्क मुळात धडधाकट असेल, म्हणजे चुकून फॉरमॅट झाली किंवा लिहिणे चालू असताना केबल निघाली, एवढेच घडले असेल, तर बहुधा एका दुपारीच काम होते. एका नातेवाइकाच्या डिस्कवर मी स्वतः हे केले आहे आणि तिथे दुसऱ्या मार्गाची गरजच पडली नाही.

आमच्या डिस्कची गोष्ट वेगळी होती. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ती पिवळ्या रंगात ‘कॉशन’ म्हणून दिसत होती आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळीतला आकडा शून्य नव्हता. याचा अर्थ असा, की काही सेक्टर डिस्कला वाचता येत नव्हते. असा सेक्टर आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते, तेवढा वेळ काहीच उत्तर देत नाही, आणि बराच वेळ उत्तर न मिळाल्यावर यूएसबी जोडणी तुटते. पहिल्या रात्री स्कॅन ३७ टक्क्यांवर असताना डिस्कमधून बारीक टकटक ऐकू आली, मग जोडणी तुटल्याचा विंडोजचा तो दोन सुरांचा आवाज आला आणि पडद्यावरचे चौकोन जिथल्या तिथे थिजले. केबल काढून पुन्हा लावली, डिस्क पुन्हा दिसली, पण स्कॅन शून्यापासून सुरू झाला. दुसऱ्या रात्री ३७ वरच, आणि तिसऱ्या दिवशी ४१ वर. काही सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन जतन करण्याची सोय असते, आमच्यातही होती. पण तो थांबवून आपण जतन केला तरच. अचानक तुटलेल्या जोडणीपुढे तिचा उपयोग झाला नाही.

मला खरा त्रास झाला तो इथे, आणि माझा कलही इथेच ठरला. वेळ वाया गेल्याचे एवढे वाटले नाही. मरणपंथाला लागलेल्या डिस्कचे तेच पहिले ३७ टक्के आपण तिसऱ्यांदा वाचतो आहोत आणि तिचे उरलेले आयुष्य वाचून झालेल्या भागावरच खर्च करतो आहोत, ही जाणीव असह्य होती.

दुसऱ्या मार्गावरचे मुख्य साधन म्हणजे ग्नू डीडीरेस्क्यू. ते विनामूल्य आहे आणि लिनक्सवर चालते. सिस्टमरेस्क्यू ही दुरुस्तीसाठीची लिनक्स पेनड्राइव्हवर घालून त्यावरून संगणक सुरू केला, तर ते त्यात आयतेच मिळते. त्याची रीत अनुभवी माणसासारखी आहे. जे सहज वाचता येते ते आधी भराभर उचलायचे, अडले तिथे हट्ट न धरता पुढे जायचे, आणि अवघड जागांकडे सगळ्यात शेवटी, थोडे थोडे करत वळायचे. तोपर्यंत डिस्कने मान टाकली, तरी बहुतेक भाग हाती आलेला असतो.

त्याहून मोलाची आहे ती त्याची नोंदवही, म्हणजे मॅपफाइल. ही साधी मजकुराची फाइल असते. डिस्कचा कोणता पट्टा कुठून सुरू होतो, किती लांब आहे आणि त्याचे काय झाले, हे तिच्यात ओळीओळीने नोंदलेले असते: अधिक चिन्ह म्हणजे वाचून झाला, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून पाहिलेला नाही, उणे चिन्ह म्हणजे वाचता आला नाही. आमच्या डिस्कची जोडणी या कामातही पाच वेळा तुटली. दर वेळी मी केबल काढली, डिस्क थोडी थंड होऊ दिली आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. काम जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले. पहिल्या रात्रीच ९० टक्क्यांहून अधिक भाग आला, उरलेल्याला तीन दिवस लागले आणि शेवटी उणे चिन्हाच्या मोजक्या ओळी राहिल्या. आपण अशा लाइव्ह (संगणकात काही न बसवता थेट चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून काम करत असाल, तर मॅपफाइल प्रतीशेजारी, चांगल्या डिस्कवरच ठेवावी. नाहीतर संगणक बंद केल्यावर ती नाहीशी होते.

या मार्गाच्या अडचणी लपवण्यात अर्थ नाही. बिघडलेल्या डिस्कइतकी किंवा त्याहून मोठी रिकामी जागा लागते, म्हणजे बहुधा नवी डिस्क विकत घ्यावी लागते. आज्ञा टाइप कराव्या लागतात, आणि त्यात एक खरा धोका आहे: कुठून आणि कुठे या दोन नावांची अदलाबदल झाली, तर रिकाम्या डिस्कमधला मजकूर दुखऱ्या डिस्कवर लिहिला जाऊ शकतो. शिवाय जोडणी तुटून पुन्हा लागली की लिनक्स कधी कधी डिस्कला वेगळे अक्षर देते. म्हणून मी दोन्ही डिस्कचे सिरियल क्रमांक कागदावर लिहून घेतले, सिरियल क्रमांक असलेले लांबलचक नावच आज्ञेत वापरले आणि एंटर दाबण्याआधी दर वेळी ते मोठ्याने वाचले. ज्यांना हे जड वाटेल त्यांनी जवळच्या एखाद्या जाणकाराला शेजारी बसवावे, असे मी सुचवेन.

प्रत हातात आली की घाई संपते. प्रतीवर मी आधी फोटोरेक हे फायली शोधून काढणारे साधन चालवले. त्याने चित्रे भरपूर काढली, पण ते फाइल सिस्टीमकडे न पाहता थेट मजकुराच्या खुणांवरून फायली ओळखते, त्यामुळे प्रत्येक फाइलला ‘एफ’ आणि पुढे आकडे असेच नाव मिळाले. हजारो मोडी कागद, आणि कोणता कुठल्या रुमालातला याचा पत्ता नाही. मग डिस्कची मोडलेली रचना दुरुस्त करणारे टेस्टडिस्क वापरले. एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) असलेल्या विभागाच्या बूट सेक्टरची, म्हणजे विभागाची मूळ माहिती असलेल्या पहिल्या सेक्टरची, एक प्रत विभागाच्या शेवटी ठेवलेली असते. आमच्याकडे सुरुवातीचा सेक्टर गेला होता आणि शेवटचा शाबूत होता. टेस्टडिस्कने तो मूळ जागी बसवला आणि ‘रुमाल ३’ हा फोल्डर आतल्या सगळ्या नावांसकट समोर उघडला. हाच प्रयोग मूळ डिस्कवर करायला माझा हात धजला नसता. प्रतीवर तो चुकला असता, तरी मूळ डिस्कला धक्का लागला नसता.

म्हणून माझे मत असे, की क्रिस्टलडिस्कइन्फो निळा रंग दाखवत असेल आणि जोडणी एकदाही तुटत नसेल, तर पहिला मार्ग पुरेसा ठरावा. एकदा जरी तुटली, तरी मी स्कॅन पुन्हा सुरू करणार नाही; नवी डिस्क आणायला बाहेर पडेन. डिस्क फिरतच नसेल, पहिल्या क्षणापासून खटखट वाजत असेल किंवा तिची क्षमता शून्य दिसत असेल, तर हे दोन्ही मार्ग सोडून ती बंद करावी आणि डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्यावी. खोके फोडून आतली डिस्क थेट संगणकाला जोडण्याचा सल्लाही दिला जातो, पण कित्येक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचे जोड डिस्कच्या बोर्डावरच असतात, आणि काहींमध्ये मजकूर त्या बोर्डावरच सांकेतिक केला जातो. तिथे तो उपाय लागू पडत नाही.

आमच्या संग्रहातले तीन स्कॅन अर्ध्याखाली करडे निघाले. त्यांतले दोन कागद अजून घरात आहेत, ते पुन्हा स्कॅन झाले. तिसरा वाळवीने गेलेल्या रुमालातला आहे. त्याच्यासाठी मूळ डिस्क जपून ठेवली आहे. पुढेमागे ती प्रयोगशाळेत द्यायची ठरलीच, तर बिघडल्यापासून तिच्यावर आम्ही काहीही लिहिलेले नाही.